झोपलेल्या यानाचा आवाज

टीव्हीवर अवकाशयानाचं दार ‘सुऽऽस’ करत उघडतं तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, दार उघडलं म्हणजे आवाज येणारच. येत नाही, महाराज. ते दार पुठ्ठ्याचं असतं. मागून दोन माणसं ते दोरीनं ओढत असतात आणि आवाज येतोच तर त्यातल्या एकाच्या खोकल्याचा. तो खोकला पुसून तिथं ‘सुऽऽस’ भरणारा कुणीतरी असावा लागतो. हा कुणीतरी पडद्यावर कधी दिसत नाही आणि त्याच्या नावाची पाटी येईपर्यंत लोक हात धुवायला उठलेले असतात.

आपल्या या गोष्टीतल्या माणसाला स्टुडिओत सगळे खुडबुड्या म्हणत. अगदी फाटकावरच्या पहारेकऱ्याला कुणी त्याचं खरं नाव विचारलं, तर असा कुणी इथं नाही म्हणून तो खुशाल परत पाठवी. खुडबुड्याला जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्याच कुठल्यातरी वस्तूसारखी ऐकू येई. त्याच्या घरी दिवाणखान्याच्या दाराला तेल घालायला बंदी होती, कारण त्या दाराची बिजागरी एका भुताच्या मालिकेत कामाला होती. कुकर घरात होता, शिटी स्टुडिओत. ताकाची रवी बायकोनं आठवडाभर शोधली, तेव्हा तिला कळलं की ती एका यंत्रमानवाचा गुडघा झाली आहे. बायको दातांच्या दवाखान्यात नोकरी करायची. तिथलं दात कोरायचं यंत्रही या गृहस्थानं सोडलं नव्हतं. परग्रहावरच्या शत्रूची बंदूक म्हणून तो आवाज त्यानं वापरला आणि प्रेक्षकांच्या अंगावर काटा आला. तो बंदुकीमुळे आला की दाढांच्या आठवणीनं, हे कुणी तपासलं नाही.

असा माणूस कुणालाही जावई म्हणून मिळाला असता तर निभलं असतं. पण तो मिळाला वजनमापं निरीक्षकाला. सासऱ्यांनी जन्मभर दुकानादुकानांतून हिंडून पोकळ वजनं, वाकवलेले काटे आणि तळाला मेण चिकटवलेली मापं पकडली होती. ते निवृत्त झाले, पण त्यांची नजर काही निवृत्त झाली नाही. लग्न ठरवायच्या वेळी त्यांनी विचारलं, आपण नक्की काय करता? खुडबुड्यानं मोठ्या उमेदीनं दोन करवंट्या घेतल्या आणि टेबलावर घोडा दौडवून दाखवला. सासऱ्यांनी घोडा थांबेपर्यंत वाट बघितली. मग म्हणाले, म्हणजे दाखवायचा घोडा आणि द्यायची करवंटी. आमच्या खात्यात याला मापात पाप म्हणतात. लग्न झालं ते लेकीच्या हट्टामुळे. त्यानंतर सासऱ्यांनी जावयाचा एकही कार्यक्रम बघितला नाही. राग म्हणून नव्हे. संशयास्पद मालाच्या दुकानात ते नोकरीशिवाय पाऊल टाकत नसत, एवढंच.

या सासऱ्यांशी बोलताना एक पथ्य होतं. ते घोरतात असं म्हणायचं नाही. घोरणं तर असं, की शेजारच्या खोलीतल्या कपाटाची काच थरथरावी. सासूबाई लग्नापासून तक्रार करत आल्या होत्या, आणि सासरे लग्नापासून एकच उत्तर देत आले होते, की जे मी स्वतः ऐकलं नाही त्यावर मी सही करणार नाही. थोरल्या जावयानं एकदा जेवताना गमतीनं विचारलं, काल घराखाली विहीर खणायला गाडी आली होती का? सासऱ्यांनी हात धुतला, पिशवी उचलली आणि पहिली बस पकडली. त्या घराची पायरी ते पुन्हा चढले नाहीत. थोरली लेक आता आईबापांना भेटायला दुसऱ्यांच्या घरी येते.

त्यामुळे सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन खुडबुड्याच्या गावात करायचं ठरलं आणि दोघं महिनाभर राहायला आली, तेव्हा बायकोला आनंदही झाला आणि धडकीही भरली. तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन बजावलं, की घोरणं हा शब्द घरात काढायचा नाही, पेपरात आला तरी मोठ्यानं वाचायचा नाही. बाबा एकदा उठून गेले की गेले. एक दार असंच कायमचं बंद झालं होतं. आईबापांच्या येण्याजाण्याचं हे दुसरं दार तिला गमवायचं नव्हतं. खुडबुड्यानं मान डोलावली. मान डोलवायला त्याला कधीच अवघड गेलं नाही.

आता स्टुडिओकडे वळू. तिथं एका विज्ञानमालिकेचा भाग तयार होत होता. गोष्ट अशी: तीन अंतराळवीर एका ओसाड ग्रहावर अडकतात आणि एका गुहेत आसरा घेतात. गुहेच्या भिंती हाताला ऊबदार लागतात. मग त्या हलतात. मग कळतं की ही गुहा नव्हेच. कुण्या नाहीशा झालेल्या लोकांचं हे यान आहे, ते जिवंत आहे आणि गाढ झोपलं आहे. उठवलं तर घरी नेईल किंवा गिळून टाकेल. त्यावर तिघांची भांडणं, रडारड, एकाचा बंडाचा प्रयत्न. शेवटी थकलेल्याला उठवायचं नाही असं ठरवून ती तिघं भिंतीला टेकून बसतात, आणि यान झोपेतच उडायला लागतं.

गोष्ट झकास होती, पण ती दाखवायला होतं काय? अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे रंगवून भिंती केल्या होत्या. त्यांच्यावर जुन्या चादरी ताणल्या होत्या आणि चादरींमागे दोन सुतार टेबलफॅन मागेपुढे करत उभे होते. दिग्दर्शिका हुशार होती. तिनं खुडबुड्याला सरळ सांगितलं, की चित्रात दम नाही, सगळी भिस्त तुमच्यावर. आवाज असा पाहिजे की ऐकणाऱ्यानं पाय न वाजवता चालावं.

खुडबुड्या कामाला लागला. लोहाराचा भाता आणला. दिग्दर्शिका डोळे मिटून ऐकायची. म्हणाली, हा भाता आहे. ट्रकच्या चाकाच्या ट्यूबमधून हवा सोडली; ती म्हणाली, ट्यूब. ओली घोंगडी फरशीवरून ओढली, बादलीत तोंड घालून उसासे टाकले, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा झोपलेला कुत्रा टिपून आणला. ती म्हणाली, कुत्रा आहे, आणि त्याला पिसवा झाल्यात. तिचं एकही म्हणणं चूक नव्हतं, हेच तर दुःख होतं. शुक्रवारपर्यंत नाही जमलं तर कॉम्प्युटरमधला तयार आवाज घेऊ, असं तिनं शेवटी सांगितलं. खुडबुड्याला ते म्हणजे स्वयंपाक्यानं शेजाऱ्यांकडून डबा मागवावा तसं वाटलं. तो जेवेनासा झाला. बायकोनं ही सगळी रडकथा भाजी निवडता निवडता आईला सांगितली.

आणि मग एका दुपारी, घरून आणखी एक बादली न्यायला म्हणून खुडबुड्या आला आणि दारातच खिळून उभा राहिला. दिवाणखान्यात सासरे जेवून आडवे झाले होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, दोन्ही हात पोटावर. आणि तो आवाज! कुठूनतरी खोलातून निघायचा, घशात जरा अडखळायचा, वर चढायचा आणि मग सगळा डोंगर उतरून खाली यायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय? इतके दिवस हा माणूस कुत्र्यांच्या मागे हिंडत होता. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं.

“नाही,” ती म्हणाली.

“मी कुठं काय बोललो?”

“तुझं तोंड बोललं. नाही म्हणजे नाही.”

त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायलेकी बाजारात गेल्या. खुडबुड्या अंग दुखतं म्हणून घरी थांबला होता. सासरे नेहमीसारखे दिवाणावर पडले. खुडबुड्यानं आधी फ्रिज बंद केला. भिंतीवरचं घड्याळ टॉवेलात गुंडाळून न्हाणीघरात नेऊन ठेवलं. मग पंख्याची घरघर बंद केली. म्हाताऱ्या माणसाला ऐन उकाड्यात असं भाजताना त्याला लाज वाटली, नाही असं नाही, पण कलेपुढे लाजेचं काय चालतं? मांजराच्या पावलांनी जाऊन त्यानं माइक उशीपाशी सरकवला, रेकॉर्डर चालू केला आणि खुर्चीमागे दबा धरून बसला.

आवाज येईना. सासऱ्यांचा श्वास अगदी सभ्यपणे चालू होता. आणि मग सुरू झालं. कालच्यापेक्षा कितीतरी गोल, भरदार, एकानंतर दुसरं, मधे मापून विश्रांती. कालच्याला खरखर होती, आजच्याला घाट होता. सासऱ्यांच्या कपाळावर घाम साचला. नाकावर माशी बसली, उठली, पुन्हा बसली. काही फरक पडला नाही. भरात येऊन खुडबुड्या जरा पुढं सरकला, आणि पायाचा धक्का लागून स्टूल धाडकन पडलं. एरवी चमचा पडला तरी उठून बसणारा माणूस! खुडबुड्याची पाचावर धारण बसली. दिवाणावर क्षणभर शांतता पसरली. मग तिथून असा एक लांबच लांब सूर निघाला, वर जाताना बारीक शिटी आणि उतरताना गडगडाट, की खुडबुड्यानं खुर्चीमागे बसल्या जागी हात जोडले.

स्टुडिओत जाऊन त्यानं तो आवाज पार संथ केला, खाली रिकाम्या पाण्याच्या टाकीचा घुमारा घातला आणि वर ओल्या घोंगडीची सरसर ठेवली. दिग्दर्शिकेनं डोळे मिटले. या वेळी ती काहीच म्हणाली नाही. सुतार ऐकायला आले आणि दाराशीच थांबले. आत यायचं धाडस होईना. शेवटी तिनं हळूच विचारलं, हे आहे काय? घरातलं एक जुनं यंत्र आहे, दुपारचंच चालतं, असं खुडबुड्यानं सांगितलं. तिनं तो आवाज सगळ्या भागभर वापरला. फक्त शेवटचा लांबलचक होता तो कापला, कारण त्याखाली नायिकेचं वाक्य बुडत होतं.

आवाज पसंत पडला हे खुडबुड्यानं घरी सांगितलं. कुठून आणला ते सांगितलं नाही. बायकोनं विचारलं, तेव्हा भाता, टाकी, घोंगडी अशी यादी वाचली. भाग लागेल त्या संध्याकाळी सासूसासऱ्यांना कुठंतरी फिरायला न्यायचं, की विषय संपला, असा त्याचा हिशेब होता.

पण त्या संध्याकाळी सासऱ्यांनी हालायला नकार दिला. म्हणाले, डॉक्टरांनी टीव्ही बघायला बंदी केली आहे, ऐकायला नाही. जावईबापूंचा माल एकदा तपासून बघू. आणि काळा चष्मा लावून, टीव्हीकडे पाठ करून ते खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बायकोचे डोळे भरून आले. खुडबुड्याचेही आले असते, पण तो टीव्हीमागची वायर सैल करण्यात गुंतला होता. चित्र गेल्याबरोबर बायकोनं टीव्हीच्या डोक्यावर एक चापट मारली आणि ते निमूटपणे परत आलं.

भाग सुरू झाला. अंतराळवीरांची गाडी गर्जना करत ग्रहावर उतरली. अवकाशात हवा नाही, मग आवाज कुठून, असा शेरा सासऱ्यांनी मारला. मग म्हणाले, गाडी उतरतेय की कुकर? बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं, पण त्यात अजून फक्त शिटीचा राग होता. तिघं वीर गुहेत शिरले. नायिकेनं भिंतीला हात लावला. आणि यानानं श्वास घेतला.

बायकोची मान सावकाश नवऱ्याकडे वळली. त्या नजरेचं वर्णन करत बसत नाही. ज्यांना बायको आहे त्यांना ठाऊक आहे, नाही त्यांना सांगून कळणार नाही. खुडबुड्या टीव्हीकडे असा एकटक बघत राहिला, की जणू तो भाग तो पहिल्यांदाच पाहत होता. सासरे हलले नाहीत. एवढ्यावर निभावलं असतं. पण सासूबाई कोपऱ्यात शेंगा सोलत बसल्या होत्या. यानाचा दुसरा श्वास चढून उतरला, तशी त्यांनी मान वरही न करता, जन्माच्या सवयीनं सांगितलं:

“अहो, कुशीवर व्हा.”

टीव्हीतलं यान संथपणे चालू होतं.

“मी जागा आहे,” सासरे म्हणाले.

सासूबाईंनी आधी नवऱ्याकडे बघितलं, मग टीव्हीकडे, मग जावयाकडे. सोललेले दाणे त्यांनी टरफलांत टाकले आणि पदर तोंडाला लावला.

उरलेला वेळ खुडबुड्यानं कसा काढला ते त्याचं त्याला माहीत. वीर भांडले, रडले, एकानं बंड केलं. आणि या सगळ्याखालून सासरे सावकाश, भरदार घोरत राहिले. दर श्वासाला त्याला पलंगाखालची ती पिशवी दिसत होती. बस किती वाजता असते, ती चुकवता येईल का, पाया पडावं की बिजागरीवर सगळं ढकलावं, असे विचार डोक्यात फिरत होते. बायकोकडे बघायची हिंमत होत नव्हती. तिचा बाप उठून गेला, तर त्या घरात आवाज करायला काही उरणार नाही, हे त्याला पुरतं कळत होतं, आणि हे आधी का कळलं नाही म्हणून तो स्वतःवरच चिडला होता. पडद्यावर तिघं भिंतीला टेकून बसले. यान झोपेतच उडालं. नावांच्या पाट्या आल्या.

“चहा टाका,” सासरे म्हणाले.

मायलेकी जवळजवळ पळतच आत गेल्या. आतून काहीतरी दाबलेला आवाज आला. हसणं की रडणं ते इतक्या तयार कानालाही सांगता आलं नाही. सासऱ्यांनी हातानंच जावयाला जवळ बोलावलं. खुडबुड्या स्टूल ओढून त्यांच्यापुढे बसला आणि मान खाली घातली.

“शेवटचा कुठं गेला?” सासऱ्यांनी विचारलं.

“काय?”

“शेवटचा. लांबलचक. तुमच्या हातून काहीतरी पडलं, त्यानंतरचा.”

खुडबुड्यानं मान वर केली. काळ्या चष्म्यातून काही दिसत नव्हतं. तो कसाबसा पुटपुटला, की त्याखाली नायिकेचं वाक्य ऐकू येत नव्हतं, म्हणून दिग्दर्शिकेनं कापला.

“वाक्य कापायचं होतं,” सासरे म्हणाले. “काय मोठं बोलली होती ती? इकडे मला घामाच्या धारा लागल्या होत्या. नाकावर माशी. तरी मी सोडलं नाही.”

“म्हणजे तुम्ही जागे होतात?”

“जावईबापू, मी घोरत नाही. तुम्हाला हे लग्नाआधीपासून माहीत आहे.” त्यांनी आवाज खाली आणला. “पोरगी आईला सांगत होती, तुमचा आवाज कुणाला पसंत पडेना म्हणून. दुसऱ्या दिवशी बघतो तर तुम्ही घड्याळ काखेत मारून चालला होतात. डोळा एकच झाकला होता माझा. एवढा खटाटोप करून माणूस उशाशी आला, तर त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं?”

जन्मभर खोट्या वजनांच्या मागे लागलेल्या या माणसानं खुडबुड्यासाठी भर उकाड्यात पडून सोंग वठवलं होतं, आणि वर तेही त्याच्यापेक्षा सरस. त्याला सुचलं ते धंद्यातलंच होतं. त्यानं विचारलं, की बाबा, तुम्ही स्वतःचं घोरणं... म्हणजे, तसला आवाज कधी ऐकलाच नाही म्हणता, मग इतका हुबेहूब जमला कसा? सासूबाईंनी तर पाठ असल्यासारखा ओळखला.

सासऱ्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे मान वळवली. आत कपबशा वाजत होत्या.

“न ओळखून करते काय? लग्न झाल्यापासून रोज सकाळी पलंगावर बसून मला करून दाखवते, रात्री तुम्ही असे करत होता म्हणून. श्वास कुठं घ्यायचा, कुठं अडकायचं, शिटी कुठं, सगळं तिचं.” त्यांनी चष्मा सारखा केला. “आवाज तिचाच आहे, जावईबापू. नाक तेवढं माझं.”